निळ्या तोरणाची वायर

विश्रांतवाडी, ४ फेब्रुवारी २००१

ती. दादास,
दीक्षाचा सप्रेम जयभीम, वि. वि.

ई-मेल न करता पत्र लिहितेय, कारण ई-मेलला तुझं उत्तर दोन ओळींचं येतं आणि त्यातली एक ओळ बिझी असल्याची असते. पत्र आलं की आप्पांना सोहळा करता येतो. तुझं पत्र जेवणं झाल्यावर मी सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायचं, हा त्यांचा नियम तू गेल्यापासून चालू आहे. शेजारचे आले असतील तर दुसऱ्यांदा वाचायचं. बाकी आम्ही खुशाल, आईचे गुडघे सोडून.

लिहायचं कारण आपली गाडी. महिनाभर ती चालवताना जळका वास येतो आणि समोर बॅटरीचं चित्र असलेला लाल दिवा लागतो. खड्ड्यातून गेलं की लागतो, मग विझतो. आळंदी रस्त्याला खड्ड्यांची वाण नाही, त्यामुळे तो बहुतेक लागलेलाच असतो. आईला शेक द्यायला दवाखान्यात न्यायचं ते याच गाडीतून, म्हणून मला भीती वाटते. आप्पांना वाटत नाही. कोपऱ्यावरचा भैरू मेकॅनिक बॉनेट उघडायला आला, तर त्याला चहा पाजून परत पाठवलं. मी बघू का म्हटलं, अकरावीला फिजिक्स शिकवते मी, तर म्हणाले, पुस्तकातली वीज वेगळी. आपल्या घरात इंजिनियर आहे, त्याला विचार. म्हणून विचारतेय.

लोभ आहेच, सवड झाली तर वाढवावा.

तुझी,
दीक्षा

---

सॅन होजे, १९ फेब्रुवारी

चि. दीक्षा हिस, अनेक आशीर्वाद.

मास्तरीणबाई, वास येतो हे कळलं, पण कसला येतो ते कुठे लिहिलंय? पेपरात असं उत्तर आलं तर तू किती मार्क देशील? रबराचा येत असेल तर फॅनबेल्ट घसरतोय. तोच डायनामो फिरवतो, म्हणून बॅटरीचा दिवाही लागतो. चाकांकडून येत असेल तर आप्पा हँडब्रेक अर्धवट ओढलेला ठेवून गाडी हाकत असतील, त्यांचं काही सांगता येत नाही. प्लॅस्टिकचा येत असेल तर कुठली तरी वायर तापतेय, आणि ते सगळ्यात वाईट. तसं असेल तर गाडी अजिबात काढू नका. आधी ती वायर शोधा आणि काढून टाका.

डिसेंबरात येणं झालं नाही, याही उन्हाळ्यात कठीण दिसतंय. आईला समजाव. हे पत्र आप्पांना वाचून दाखव, खूश होतील.

तुझा,
दादा

---

विश्रांतवाडी, ६ मार्च

ती. दादास, सप्रेम जयभीम.

पत्र वाचून दाखवलं. आप्पा खूश झाले. इतक्या लांबून वास ओळखतो पोरगा, असं त्यांनी गल्लीत चार घरी सांगितलं.

वास प्लॅस्टिकचाच आहे. आप्पा विहारात गेले असताना मी बॉनेट उघडलं. वायर सापडली, दादा. ती तुझीच आहे. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी चौदा एप्रिलच्या मिरवणुकीसाठी तू गाडीवर निळी तोरणं लावली होतीस, ती. बॅटरीवरून थेट घेतलेली आहे, मध्ये फ्यूज नाही. इंजिनामागच्या पत्र्याच्या भोकातून आत येते, तिथे घासून तिचं वेष्टन गेलंय आणि तांबं उघडं पडलंय. हादरा बसला की ते पत्र्याला टेकतं. त्यातून तू गेल्यावर आप्पांनी दर जयंतीला त्याच वायरवर दिवे वाढवलेत.

मी पक्कड घेऊन उभी होते तेवढ्यात आप्पा परतले. वायरवर हात ठेवून म्हणाले, याला हात लावायचा नाही. तुला आठवतं ना, ती तोरणं पहिल्यांदा लागली तेव्हा सगळी गल्ली टाळ्या वाजवत होती. खडकीच्या कारखान्यात हेल्पर म्हणून लागलेला माणूस त्या संध्याकाळी इंजिनियरचा बाप झाला. मला त्यांचा राग येतो आणि त्यांचं कळतंही. पत्रातली ती दुसरी कुठली तरी वायर असेल, ही प्रज्ञेशने स्वतः लिहिलं तरच कापू, असं ते म्हणाले, आणि मी शब्द दिलाय.

तेव्हा एक ओळ लिही. वायर चुकली होती, कापा, एवढंच. जयंती जवळ आलीय आणि आईला चालवत नाही म्हणून मिरवणुकीत ती गाडीतच बसणार आहे. उशीर करू नकोस.

तुझी,
दीक्षा

---

सॅन होजे, २२ मार्च

चि. दीक्षा हिस, आशीर्वाद.

हे पत्र मुद्दाम तुझ्या कॉलेजच्या पत्त्यावर पाठवतोय. घरी वाचू नकोस. माझी नोकरी गेली. एका शुक्रवारी आमच्या मजल्यावरच्या निम्म्या लोकांना सामान भरायला खोके देऊन घरी पाठवलं. नवीन काम मिळालं नाही तर व्हिसाही जाईल. सध्या इथल्या एका मित्राच्या, आनंदच्या हॉलमध्ये गादी टाकून झोपतो. आप्पांना यातलं काही कळता कामा नये. शपथ आहे तुला.

वायरचं तू म्हणतेस ते बरोबर आहे. फ्यूज घालायचं तेव्हा सुचलं नाही. पण आप्पांना ते आत्ता लिहायचं मला जमणार नाही. मी इंजिनियर आहे असं मानणारा जगात तेवढा एकच माणूस उरलाय. जयंती होऊ दे, मग नक्की लिहितो. तूर्त मी त्यांना नवी बॅटरी बसवा असं वेगळ्या पत्रात कळवलंय. दिवा लागायचा थांबेल, निदान त्यांचं समाधान होईल.

तुझा,
दादा

---

विश्रांतवाडी, २१ एप्रिल

चि. प्रज्ञेश यास, आप्पाचा जयभीम व अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या सूचनेप्रमाणे नवी बॅटरी बसवली होती. चौदा तारखेस गाडी मिरवणुकीत पुढे होती. तोरणे पूर्वी कधी नव्हती इतकी झळकत होती. विहाराच्या वळणावर पुढून धूर निघाला आणि पाहता पाहता आतून पेट घेतला. मी उतरलो. तुझी आई मागे होती, गुडघा वेळेवर वळला नाही. दोन्ही पाय पोटऱ्यांपर्यंत भाजले. दवाखान्यात आहे. मांडीची कातडी काढून लावावी लागेल, असे डॉक्टर म्हणतात. गाडीचा सांगाडा भंगारवाल्याने नेला.

एक गोष्ट लिहिताना वाईट वाटते. दीक्षाने मार्च महिन्यात माझ्या अपरोक्ष बॉनेट उघडून तुझ्या वायरला हात लावला होता. इतकी वर्षे त्या वायरने कधी त्रास दिला नाही. लोक विचारतात, मी खरे ते सांगतो. तू मनाला लावून घेऊ नकोस. तुझा यात काडीमात्र दोष नाही. कामाकडे लक्ष दे.

तुझा,
आप्पा

---

विश्रांतवाडी, २९ एप्रिल

दादा,

अक्षर वाकडं आलंय. आईला बाहेर ओढताना माझ्या उजव्या तळव्याची कातडी गेली, डाव्या हाताने लिहितेय. आप्पांनी ते लिहिलं नसेल.

मी वायर पाहिली, कापली नाही. दिलेला शब्द पाळला, आणि त्याबद्दल मी स्वतःला कधीच माफ करणार नाही. पण ते माझं मी बघेन. गल्लीत सगळ्यांना माहीत झालंय की दीक्षाने गाडी बिघडवली. आप्पा माझ्याशी बोलत नाहीत, माझ्या हातचं पाणी घेत नाहीत. काल ड्रेसिंग बदलताना आई कळवळली आणि म्हणाली, कशाला हात लावलास गं. दादा, आप्पांचं मी सोसेन. आईचं सोसवत नाही.

तुझ्या नोकरीचं मी कुणाला सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. त्याच्या बदल्यात म्हणून मागत नाही. पण ती एक ओळ आता तरी लिही. मध्ये फ्यूज नव्हता, दीक्षाने आधीच कळवलं होतं. तुला आप्पा माफ करतील, तुला ते नेहमीच करतात. मला या घरात राहायचंय, आईचं सगळं करायचंय. रोज पोस्टमनची वाट बघते. कॉलेजच्या पत्त्यावर नको, घरीच पाठव, म्हणजे सगळ्यांसमोर वाचता येईल.

दीक्षा

---

सॅन होजे, १६ मे

आदरणीय आप्पा व आई यांस,
प्रज्ञेशचा सविनय जयभीम.

आपले पत्र मिळाले. लगेच विमानात बसावंसं वाटलं, पण इकडे कामाचा जोर इतका आहे की रजा मिळणं अशक्य. आईने औषधं वेळेवर घ्यावीत. गाडीचं वाईट वाटून घेऊ नका. पुढेमागे मी आलो की नवी घेऊ आणि तिला तोरणंही मीच लावीन.

दीक्षाचं कळलं. तिला फार बोलू नका, आप्पा. फिजिक्स शिकवणं वेगळं आणि प्रत्यक्ष वायरिंग वेगळं, हे तिला कसं कळणार? चांगल्या मनानेच गेली असेल बघायला. लहान आहे, चुकली. माझा तिच्यावर राग नाही.

आपली माया आजवर आहे तशीच असू द्यावी. पत्र नेहमीप्रमाणे दीक्षाने सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवावे.

आपला आज्ञाधारक,
प्रज्ञेश