कवडूची नळी

मी, शालिकराम गुणवंता घाटोडे, वय एकसष्ट, मोटार मेकॅनिक, राहणार पांढुर्णा, जिल्हा छिंदवाडा, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. डोके जागेवर आहे. डॉक्टरांनी छातीत बिघाड सांगितला. उघडून न पाहता सांगितला, म्हणून मी अर्धाच विश्वास ठेवला.

१. राहते घर पत्नी यमुना हिला. तसेही ते तिचेच होते, मी फक्त तिच्या पडद्यांना काळे हात पुसले.

२. गॅरेज आणि पान्यांची पेटी मुलगी पुष्पा हिला. जावई नाक मुरडतील, मुरडू द्यावे. नुसत्या आवाजावरून बिघाड ओळखणारी घरात ती एकटीच आहे.

३. आता कवडू हिरामण कळंबे. हे गॅरेज आम्ही दोघांनी मिळून काढले होते. चौदा वर्षांपूर्वी तिगावच्या यशवंतरावांची काळी मोटार आली. ॲक्सिलरेटर दाबला की आधी दम कोंडायचा, मग गचका देऊन निघायची. मी म्हणालो, कार्बोरेटर. कवडूने झाकण काढून पेट्रोलची धार बरोबर पडते हे दाखवले आणि म्हणाला, "शालिक, तू उगाच कार्बोरेटरच्या मागं लागून राहिला. डिस्ट्रिब्यूटरले जाते ते हवेची नळी पाह्य."

गिऱ्हाइकासमोर बोलला, म्हणून मी त्याला हाकलले. तो सौंसरला गेला. मी मोटारीला नवा कार्बोरेटर बसवला. गचका तसाच राहिला, यशवंतरावांना मात्र त्याची सवय झाली.

गेल्या दिवाळीत तीच मोटार पुन्हा आली. पुष्पाने ती नळी काढून तोंडाने हवा ओढून पाहिली. केसाएवढी चीर होती. नवी नळी घातली आणि मोटार पळाली. मला स्वतःची फार लाज वाटली. बराच वेळ हात धूत बसलो.

सबब ती चिरलेली नळी कवडूला द्यावी व माझी चूक त्याच्या गिऱ्हाइकांसमोर वाचून दाखवावी. मात्र हे माझ्या पश्चात. जिवंतपणी माझ्याच्याने तोंड उघडणार नाही.

४. दुसरा साक्षीदार आणायला यमुना सकाळच्या बसने गेली आहे. कोणाला आणते, ते तिने सांगितलेले नाही.

ठिकाण: पांढुर्णा
तारीख: १४ फेब्रुवारी १९८६
सही: शालिकराम गुणवंता घाटोडे

साक्षीदार:
१. केशवराव बोबडे, शेजारी.
२. कवडू हिरामण कळंबे, सौंसर. सही कराच्या आधी सारं वाचलं. नळी आताच घेतली. गिऱ्हाइकासमोर वाचाचं तेवढं खोडा. शालिक समोर बसून रडून राहिला, मले तेवढं पुरते.