कोरडे कान

९ मार्च, लातूर
जिल्हा नवा, दवाखान्याची पाटी नवी, नळही नवे. पाणी तेवढं नाही. ओपीडीत मात्र आनंदीआनंद. वर्षानुवर्षं वाहणारे कान कोरडे पडतायत! कानात माझी औषधी पूड टाकलेले जवळजवळ सगळेच. नांदेडला माझ्या प्राध्यापक सरांना फोन. "छान. परिषदेत वाचायचं." दिवसभर मी हवेत.

जळकोटची शिवकांताही आली, आईबरोबर. अडत दुकानवाल्यांची मुलगी. लहानपणापासून उजवा कान वाहतो, पडद्याला भोक. आज एकदम कोरडा. लग्न ठरलंय. आई म्हणाली, "आता आप्रेशन कशाला, डॉक्टरीणबाई?" म्हटलं, राहू दे तूर्त.

२१ मार्च
केस धुवायचे होते. बादलीत तळाशी पाणी. ओल्या पंच्याने डोकं पुसलं आणि तशीच बसून राहिले. या उन्हाळ्यात डोक्यावरून पाणी घेतंय कोण? विहिरीत उडी मारतंय कोण? म्हणजे कान कोरडे पडले ते पुडीने, की...

२७ मार्च
ज्यांना पूड न देता नुसता कापसाने कान पुसायला सांगितलं होतं, त्यांना बोलावून पाहिलं. तेही कोरडे. तितकेच. पूडवाल्यांचं कौतुक करण्यात यांच्याकडे बघायलाच विसरले होते. गुण दुष्काळाचा, मिरवत होते मी. हसू आलं, मग रडू.

सरांना फोन करून सगळं सांगितलं. "पाऊस पडून गेल्यावर सगळे परत तपास. तोवर वाचू नको." ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

पण शि., शिवकांता! भोक तसंच आहे. कान कोरडा आहे तोवरच पडदा बसवून घ्यायचा, आणि मीच नको म्हटलं. हळदीला डोक्यावर पाणी ओततील.

४ एप्रिल
उदगीरला एसटी बदलून जळकोट. आज हळद, उद्या लग्न. नवरदेवाकडचे आलेले. लग्नापुरता टँकर मागवलाय. शि.च्या आईला बाजूला घेऊन सांगितलं: चुकलं माझं. पाणी गेलं तर कान परत वाहील. व्हॅसलिन लावलेला कापूस घालू द्या, आणि ऑपरेशन करून घ्या. तिचा चेहराच उतरला. "तिकडच्यांना न्हाई सांगितलं, बाई. कापूस दिसला तर?" कापसाची डबी पर्समध्येच ठेवली.

चार कोपऱ्यांना चार तांबे, भोवती सूत, मध्ये पाटावर शि. नवरदेवाच्या आत्याने तांब्या उचलला. शि.ने हात वर केला.

"आत्याबाई, थांबा. माझ्या कानाला भोक हाय. डॉक्टरीणबाईला कापूस घालू द्या आधी."

आत्या तांब्या धरून तशीच उभी. मी पुढे झाले, कापूस घातला. शि. हळूच म्हणाली, "सोमवारी येते. काय बी होऊ द्या." लई धिटाईची पोर. मला इतकं जमलं नसतं.

पाणी घातलं, थोडंसंच. मग तिकडची माणसं उठली आणि मांडवाबाहेर जाऊन बोलत उभी राहिली. माझी शेवटची गाडी होती. निघावं लागलं.

६ एप्रिल, रविवार
जळकोटहून काही निरोप नाही.

उद्याच्या ऑपरेशनच्या यादीत पहिलं नाव शिवकांताचं लिहिलं. सिस्टर म्हणाली, "मॅडम, आडनाव राहिलं." माहेरचं घालू की सासरचं, मलाच ठाऊक नाही. जागा मोकळी सोडली.