वाढीव अर्धा इंच

तात्या, माझ्या हातून अर्धा इंच जास्त धरला गेला आणि त्याचा दोष मी चारचौघांत तुमच्यावर टाकला. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, ते खोडून काढायला तुम्ही येणार नव्हतात. ते बोलल्यापासून मनाला लागून राहिलंय, म्हणून लिहितेय.

लातूरच्या दुकानात तुम्ही सफारी शिवायचात. मी आता नांदेडला मोटारसायकलवाल्यांची चामड्याची जाकिटं शिवते. शिकले मात्र तुमच्याकडेच. मी सातवीत आहे, टेपचं एक टोक धरायचं काम माझं. आडतीचे एक व्यापारी सदऱ्याचं माप द्यायला उभे आहेत. ते लिंगायत, गळ्यात इष्टलिंगाची चांदीची डबी. टेप सरळ जावी म्हणून मी ती हळूच बाजूला सारते आणि तुम्ही माझ्या हातावर चापट मारता. ते गेल्यावर म्हणता, "देवाला बाजूला हो म्हणायचं न्हाई. टेप वरून न्यायची आन् अर्धा इंच जास्त धरायचा. त्यालाबी जागा लागती." त्यानंतर माझा हात कधी चुकला नाही. घोटाळा तिथेच झाला.

यंदा उदगीरची एक मुलगी आली. घरचं भुसार दुकान, आणि ही रेसमध्ये गाडी पळवते. म्हणाली, "ताई, सूट असा पायजे की हेल्मेट घातलं तरी लोकांना कळावं, ही मीच." माझ्यासारखीची झोप उडायला एवढी जबाबदारी पुरते. मी तिला तेवीस प्रश्न काढून विचारले, लहानपणी भीती कशाची वाटायची इथपर्यंत. सगळी उत्तरं देऊन ती म्हणाली, "पाठीवर वाघ टाका."

"वाघच का?"

"आवडतो."

सोबत आलेली तिची आई म्हणाली, "पोरीच्या पाठीवर जनावर कशाला? दुकानाचं नाव टाका, जाहिरात तरी हुईल."

मी माप घेतलं. मुलीच्या गळ्यात चांदीची डबी होती. टेप आपोआप वरून गेली आणि वहीत अर्धा इंच जास्त पडला. तात्या, रेसचा सूट कातडीसारखा बसावा लागतो. सैल राहिला तर माणूस पडताना आतल्या गाद्या सरकतात आणि नको ते हाड जमिनीवर येतं. हे मला पाठ होतं. हाताला नव्हतं.

ट्रायलला मी तिला कापायच्या टेबलावर गाडीसारखी ओणवी बसवली. छातीवर चामडं फुगलं आणि आत डबी टक्‌टक् वाजायला लागली.

"काय वाजतंय आत?" आईनं विचारलं.

"तुमचा देव," मी म्हणून गेले, आणि घाबरून लगेच, "माझ्या वडिलांनी असंच शिकवलं होतं."

"बाप शहाणा व्हता तुझा," त्या म्हणाल्या. "पर त्याच्या गिऱ्हाइकाला गाडीवरून पडायचं नव्हतं."

सूट घट्ट करता आला असता, पण चांदीची डबी छातीवर ठेवून पडली तर बरगडीच जाईल. मी म्हटलं, डबी असेल तर सूट देणार नाही. त्या म्हणाल्या, लिंग नसेल तर पोर जाणार नाही. रेस तीन आठवड्यांवर होती. मुलगी टेबलावर तशीच ओणवी. "मी उठू का?" तिनं दोनदा विचारलं. आम्हा दोघींनाही वेळ नव्हता.

शेवटी मी रेसच्या सुटाला मानेखाली जो उंचवटा असतो तो दाखवला. वारा कापायला असतो, आत जाड फोम, खाली पाठीचं कडक कवच. म्हटलं, "काकू, डबी काढू. लिंग कापडात बांधून या फोमच्या खोबणीत ठेवू. दोरा गळ्यातच राहील."

"डबीचं काय न्हाई. माझ्या बापाच्या गळ्यात कापडातच व्हतं. पर पाठीवर?"

त्यांनी त्यांच्या स्वामींना फोन लावला. स्वामींनी विचारलं, "बेंबीच्या वर हाय का खाली?"

"वर."

"अंगावरून निघत न्हाई ना?"

"न्हाई."

"मग त्या बाईला नीट शिवा म्हणावं."

आता वाघाचं तोंड नेमकं त्या उंचवट्यावर येत होतं. मी चाचरत ते सांगितलं. काकूंनी जरा विचार केला. "महादेव बसतोच की वाघाच्या कातड्यावर," त्या म्हणाल्या, आणि दुकानाचं नाव मागे पडलं.

चामड्याला एकदा सुई लागली की भोक बुजत नाही. पुढचा सगळा भाग फेकून मी नवा कापला. या वेळी टेप लावताना डबी नव्हती, तरी हात थबकला.

मुलगी रेससाठी चेन्नईला गेली. सरावाच्या दिवशी दुपारी तिचा फोन आला, "ताई, पडले. लई घसरत गेले."

मी विचारलं, "शिवण उसवली का?"

"न्हाई. वाघाचा एक कान घासला."

"आणि गादी? सरकली?"

"जागच्या जागी हाय."

मी एवढा मोठा श्वास सोडला की तिला तिकडे ऐकू गेला असेल. मग आठवलं, आणि विचारलं, तुला लागलं का. लागलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती रेसमध्ये पळाली, अकरावी आली.

परवा काकू धपाट्यांचा डबा घेऊन आल्या. म्हणाल्या, पोरगी सांगत होती, ताईंचा जीव नुसता टांगणीला लागला होता माझ्यापायी. "लई काळजी केलीस गं माझ्या लेकराची."

मी हो म्हणाले, आणि डबा घेतला.