ग्रहणाची न काढलेली चित्रे

पौष अमावास्या, ठाणे. सायंकाळ.

कागद कोराच राहिला! माझे वडील नाना अंथरुणाला खिळलेले. ग्रहण त्यांना पाहता येणार नव्हते, म्हणून सूर्याच्या एकेका कलेचे चित्र काढून आणीन असे मी कबूल केले होते. आठवडाभर घरी सराव केला. चित्र चुटकीसरशी होई. वेळ पुरून उरेल असा माझा अंदाज.

दुपारी कोलशेतच्या खाडीवर काजळी धरलेली काच डोळ्याला लावली. ऊन पिवळट झाले, मग राखाडी. बगळे झाडांकडे परतू लागले. आंब्याखाली पाहतो तो प्रत्येक कवडशाची चंद्रकोर झालेली! मित्र दामू म्हणाला, "अरे, काढ ना!" हात उचललाच नाही. चित्र काढायला लागणारा वेळ मी धरला होता. थक्क व्हायला लागणारा धरलाच नव्हता. तो कसा धरायचा?

घरी येऊन म्हणालो, "नाना, काहीच काढले नाही हो." मग सांगायला बसलो. त्या कवडशांच्या कोरी सांगताना भरभर बोलू लागलो. नाना डोळे मिटून ऐकत होते.

"हळू सांग," ते म्हणाले, "मी अजून आंब्याखालीच आहे."