थांबलेले निरोप

रविवार, ९ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,

ताईचे आशीर्वाद. मी बरी आहे, तूही बरा असशील असं धरून चालते. फोन नंबर तू बदललास. हा पत्ता तुझ्या जुन्या ऑफिसातल्या मित्राकडून मिळवला.

घराला रंग दिला. माळ्यावरची तुझी पेटी, म्हणजे निरोप पाठवणारा तुझा तो सर्व्हर, आता अण्णांच्या खोलीत असते. दचकू नकोस.

तुमचं बापलेकांचं भांडण आठवत असेल. अण्णांचा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेला. सगळ्या तारा एका बोर्डावर, हेच त्यांचं जग. तू म्हणायचास, निरोप कसे पाठवायचे याचे नियम तेवढे सर्वांना खुले ठेवू, मग ज्याला जे सुचेल ते त्याने त्यावर बनवावं. ते म्हणाले, "मालकच नाही, तर तक्रार कोणाकडे करायची? भिंतीकडे?" तू पेटी तशीच टाकून गेलास.

नंतर घशाच्या ऑपरेशनमध्ये त्यांचा आवाज गेला. सगळे वापरतात त्या मोठ्या कंपनीच्या ॲपवर कोणा परक्या माणसाने एक सोय बनवली होती. अण्णा टाइप करायचे, पलीकडे ते बोललेलं ऐकू यायचं. एक दिवस कंपनीने बाहेरच्यांनी बनवलेल्या सोयींना दार लावलं आणि अण्णा पुन्हा मुके झाले. त्यांनी तक्रार केली. 'आपला अभिप्राय मोलाचा आहे' असं छापील उत्तर आलं. अण्णांनी पाटीवर लिहिलं, "भिंत बरी होती."

तेव्हा मी पेटी खाली काढली. तू खुल्या ठेवलेल्या नियमांवर लोकांनी काय काय बनवलंय, तुला ठाऊक तरी आहे का? एकाने लिहिलेलं बोलून दाखवायची सोय केली. एका बाईंनी, ऐकू न येणाऱ्या मुलांसाठी, निरोप आला की दिवा लागेल असं केलं. तिसऱ्याने दोन्ही जोडलं. अण्णांनी पाटीवर विचारलं, परवानगी कोणी दिली? कोणीच नाही, म्हटलं. खांदे हलवत बराच वेळ हसले. मग मला खुणेने बाजूला करून त्यांनी तुला पहिला निरोप लिहिला.

तुझ्याकडचं, या पेटीशी जोडलेलं मशीन बंद होतं. पण समोरचं मशीन सुरू होईपर्यंत निरोप पाठवणाऱ्याच्याच पेटीत थांबतो, हा नियम तुझाच. रोज चहानंतर ते एक लिहायचे. 'थांबला आहे' असं पडद्यावर दिसलं तरी चिडायचे नाहीत. तुझा पत्ता शोधून कळवते, असं मी म्हटलं की हात हलवून नको करायचे, पाटीवर लिहायचे, "त्याचं तो उघडेल. मागे लागू नकोस." मी ऐकलं. ऐकायला नको होतं.

घराला रंग दिला तो अण्णांची खोली रिकामी झाल्यावर. थंडी सुरू होता होता गेले, झोपेतच. तुला कळवायला माझ्याकडे ना नंबर होता, ना पत्ता.

निरोप मी वाचलेले नाहीत, ते तुझे आहेत. रंगाऱ्याने पेटीचं बटण बंद करायला हात पुढे केला, तेव्हा त्याला तो कोपरा सोडायला लावला. तिथे अजून जुनाच रंग आहे. यायचं की नाही ते तू ठरव. तुझं मशीन मात्र एकदा सुरू कर.

पेटी चालू ठेवून बसलेली,
तुझी ताई