ठकीच्या पोटातली दुर्बीण

४ मार्च, सोमवार

दुखणं थांबलं! काल सकाळपासून ठकी गुडघे पोटाशी घेऊन विव्हळत होती, आणि आज दुपारी अचानक गप्प. ताई म्हणाली, "बघ, उतरलं." भाऊजी निर्धास्त कामावर गेले. मी खिडकीचा जुना रंग खरवडत बसले. ताईकडे आले की असलं काहीतरी हाती घ्यायचं आणि अर्धवट सोडायचं, ठरलेलंच. हिरव्याखाली निळा निघाला, निळ्याखाली— जाऊ दे.

ठकीचे ओठ सुकलेत. सात वर्षांची पोर इतकी शहाण्यासारखी पडून राहते का?

५ मार्च

फुटलं होतं! म्हणून थांबलं दुखायचं. दवाखान्यात आणल्यावर कळलं, अपेंडिक्स फुटून पोटभर पू. आणि आम्ही खूश!

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दुर्बिणीने करू. भाऊजी लगेच, "हो हो, आधी दुर्बिणीने बघून घ्या, मग ऑपरेशनचं ठरवू." आणि निघाले चहाला! मलाही तसंच वाटलं. दुर्बीण म्हणजे बघायची वस्तू. मी बोटीवर कामाला होते तेव्हा कप्तानाकडे एक पितळी होती, तिच्यातून— नको, ते राहू दे आत्ता.

बाईंनी हाक मारली, "अहो, नुसतं बघायचं नाहीये, काढायचंय! आत्ता!"

भाऊजी पांढरेफटक. मग हट्टाला पेटले. "मग भोकं कशाला पाडता? चांगलं मोठं कापा, नीट धुवा."

"मोठं कापलं तरी माझी मान पोटात शिरत नाही हो. कॅमेरा शिरतो. कोपऱ्याकोपऱ्यातला पू दिसतो. नाहीच जमलं तर उघडीन. शब्द देते."

सही भाऊजींनी केली, कागद ताईने धरून ठेवला.

ठकी स्ट्रेचरवरून म्हणाली, "मावशी, त्या डॉक्टरीणबाई गच्चीवरून दुर्बिणीने बघणार का?"

मी हो म्हणाले. देवा, हो म्हणाले!

५ मार्च, संध्याकाळ

तीन भोकं. पोटात नळी. सगळं एकमेकांना चिकटलं होतं, पण निघालं. श्वास चालू आहे. बास.

८ मार्च

ताप परत आला. पोट नगाऱ्यासारखं. बाई म्हणतात, आत पुन्हा पू साठलाय. औषध बदललंय. रविवारपर्यंत उतार पडला नाही तर परत आत जावं लागेल.

भाऊजी पुटपुटले, "मोठं कापलं असतं तर—"

"चूप! एकदम चूप!" ताई! जी त्यांना साधं 'अहो' सुद्धा हळू म्हणते!

ठकी माझ्याशी बोलत नाही. एकदाच बोलली, "फसवलंस. गच्चीवर कुणी नव्हतंच." आणि भिंतीकडे तोंड.

९ मार्च

पाणीसुद्धा नको म्हणते. डोळे खोल गेलेत. ताईकडे बघवत नाही.

मी स्टँडवर जाऊन आले. पायाला भिंगरी आहे ती आहेच. गाडी लागलेली होती, जागाही होती. चढले. उतरले. कुठे जाणार? कुठल्याही गावात उतरले तरी तिचं ते तापलेलं कपाळ माझ्या हातालाच चिकटलेलं असणार.

१० मार्च, रविवार

ठकीने माझ्या हातातलं बिस्कीट हिसकावलं! ताई ओरडायला उठली, "अगं, उष्टं आहे ते मावशीचं—" आणि तिथेच फरशीवर बसून ढसाढसा रडायला लागली. बाईंनी ठकीच्या कपाळाला हात लावला, मग पोटाला, मग परत कपाळाला.

"गार आहे. खाऊ द्या हो."