थांबत वाचणं

धरमपेठ, नागपूर
मंगळवार, ११ नोव्हेंबर २०२५

प्रिय सुमंत,

अनेक आशीर्वाद. भैरवीची पाठ आता बरी असेल. मिरचीचा तोडा सुरू झाला असेल, तेव्हा तिला पोती उचलू देऊ नकोस. इकडे थंडी पडायला लागली. तुम्हा दोघांच्या गार्गीला स्वेटर घेतला. बाह्या लांब आहेत, पण पुढच्या वर्षीही होईल.

पुढच्या वर्षीही, असं लिहून गेले. खोडत नाही.

फोनवर तू मध्येच बोलतोस आणि मी गप्प बसते, म्हणून पत्र. शनिवारच्या वेगवाचन स्पर्धेतून गार्गीचं नाव मी काढलं आहे. तू गाडी ठरवलीस, गावातली चार माणसं आणणार आहेस, हे माहीत असून काढलं. आणि "नंबर आला त ठेवू नागपूरले, नाही त आपली भिवापूरची शाळा काय वाईट आहे" हे तू दिवाळीत म्हणालास, तेही विसरले नाही.

तुझी लेक भरधाव वाचते. वर्गात मी घड्याळ लावते तेव्हा मिनिटभरात तिच्याएवढे शब्द कोणाचेच होत नाहीत. उत्तरंही चोख. प्रश्नातला शब्द धड्यात शोधायचा आणि ते वाक्य उतरवायचं, ही युक्ती चौथीतली सगळी पोरं करतात. परीक्षा आली की आम्ही शिक्षकच ती शिकवतो.

दिवाळीनंतर एक उतारा दिला होता. आजोबा नातीचं दप्तर घेऊन टेकडी चढतात. प्रत्येक झाडाखाली दप्तर ठेवतात, घाम पुसतात आणि म्हणतात, मी थकलो नाही. प्रश्न होता, आजोबा थकले होते का? गार्गीने लिहिलं, नाही. का म्हणून विचारलं तर ओळीवर बोट ठेवलं. "लिहून आहे ना, आत्या." वर्गात जवळजवळ सगळ्यांनी तेच लिहिलं होतं. मला आधी हसू आलं. मग आलं नाही.

तेव्हापासून घड्याळ कपाटात आहे. आधी चित्र बघून पुढे काय होईल ते बोलायचं. परिच्छेद संपला की पुस्तक पालथं, आणि घरी आईला सांगतो तसं सांगायचं. तिथे मी कोणाची भाषा दुरुस्त करत नाही. वेळ फार जातो. पाठ्यक्रम मागे पडला आहे, तेही कबूल.

रविवारी घरी तोच उतारा पुन्हा काढला. दुसऱ्या झाडापाशी तिने आपणहून पुस्तक पालथं केलं. म्हणाली, "बुढा लय थकला होता. पोरीले वाईट वाटन म्हणून सांगून नाही राहिला." मी शाबासकी देणार, तर ती माझ्याकडेच बघत होती.

"आत्या, मी गावाले जातो तवा तुले करमते म्हणतेस. तेही असंच आहे काय?"

मी भाजी बघायला उठले.

सुमंत, स्पर्धेत तिचा नंबर नक्की होता. म्हणजे ती माझ्याजवळ राहिली असती. तुझे अनंत भाऊजी गेल्यापासून या घरात संध्याकाळी बोलायला कोणी नव्हतं, ते तुला ठाऊक आहे. त्यासाठी नाव राहू द्यावं, असं मनात आलं, आणि बराच वेळ राहिलं. पण जिंकली की जिल्ह्याची फेरी, म्हणजे जानेवारीपर्यंत पुन्हा घड्याळ. आत्ता कुठे सुरू झालेलं बंद पडलं असतं. गार्गीला सांगितलं तेव्हा ती रडली. ढाल हवी होती तिला. आमचे मुख्याध्यापक वानखेडे सर तर सगळ्यांदेखत म्हणाले, "मॅडम, जिंकणारा घोडा कोणी तबेल्यात बांधून ठेवते काय?" तरी काढलं.

गाडी रद्द करू नकोस. शनिवारी सगळे जेवायलाच या. तिला वाचून दाखव म्हणू नकोस. शेजारी बस, तिला एक गोष्ट सांगू दे, आणि मध्ये थांबली तर घाई करू नकोस. त्यानंतर न्यायचं ठरवलंस तर तिची बॅग मी भरीन. भांडणार नाही. पण तिथल्या तिच्या बाईंना येऊन भेटेन, परतपरत भेटेन. पोरीला कोणी पुन्हा घड्याळ लावून पळवायला लागलं तर मात्र तुझ्याशीही भांडेन.

ती गेली तर मला करमणार नाही. हे स्पष्ट लिहिते आहे, तुला ओळखत बसायला नको.

माफी मागत नाही.

तुझीच,
चारुताई